रबबोर्ड दबला की झायडेको संपतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झायडेकोचे ॲकॉर्डियनवादक-गायक क्लिफ्टन शेनिअर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत झायडेकोवर पानभर लेख आला, त्याबद्दल मनापासून आभार. नैर्ऋत्य लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचे हे नाचाचे संगीत. मराठीत त्यावर क्वचितच काही वाचायला मिळते. लेखातले दोन निष्कर्ष मात्र पटले नाहीत. शेनिअर यांचा ‘बोगालूसा बूगी’ हा अल्बम एका दिवसात मुद्रित झाला, यावरून लेखकाने म्हटले आहे की अस्सल लोकसंगीताला तंत्र लागत नाही, माइक लावला की काम झाले. शेवटी असेही म्हटले आहे की ग्रॅमीने दखल घेतल्यावर या संगीताला मान्यता मिळाली. प्रत्यक्षात झायडेकोचे ध्वनिमुद्रण हे फार अवघड काम आहे आणि त्याचा निकाल पुरस्काराच्या मंचावर लागत नाही, नाचाच्या हॉलमध्ये लागतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या एका दिवसाविषयी. ऑक्टोबर १९७५. ‘स्टुडिओ इन द कंट्री’ हा स्टुडिओ बोगालूसा या कागद गिरणीच्या गावाजवळ, मिसिसिपी राज्याच्या सीमेलगत आहे. शेनिअर यांचा मुलूख, म्हणजे ऑपेलूसस, लाफियेट, लेक चार्ल्स हा पट्टा, तिथून बराच पश्चिमेला. निर्माते होते आरहूली रेकॉर्ड्सचे क्रिस स्ट्राकविट्झ. तबकडी १९७६ मध्ये आली. एका दिवसात ती झाली याचे कारण असे की स्टुडिओत बसवायचे काही शिल्लकच नव्हते. मध्यंतर न घेता सलग चार-चार तास नाचाला वाजवण्यासाठी शेनिअर ओळखले जात. सॅक्सोफोन कुठल्या फेरीला आत येणार, गिटारने कधी गप्प बसायचे, मानेच्या कोणत्या हिसक्याला शेवट घ्यायचा, हे सगळे वादकांच्या अंगात मुरलेले होते. उरले होते ते ध्वनिमुद्रकाचे काम: सहा माणसे एकाच वेळी वाजवत असताना प्रत्येकाचा आवाज वेगळा कळेल, तरीही त्यांना एकमेकांपासून तोडायचे नाही. त्यासाठी चांगली खोली आणि चांगली साधने लागली. शेनिअर यांची पहिली मुद्रणे १९५४ मध्ये लेक चार्ल्सच्या एका रेडिओ केंद्रात झाली होती. वाजवणारा तोच, जोमही तोच, पण ती ऐकली आणि लगोलग ‘बोगालूसा बूगी’ लावला की खोली आणि साधने काय करतात हे कानालाच कळते.

मधल्या काळात एक मतभेदही झाला, आणि तो लेखात यायला हवा होता. १९६४ मध्ये ह्यूस्टनला ब्लूज गायक लाइटनिंग हॉपकिन्स यांनी स्ट्राकविट्झ यांना शेनिअर यांच्याकडे नेले. एका लहानशा बारमध्ये शेनिअर नुसत्या ड्रमवाल्याला घेऊन ॲकॉर्डियन वाजवत होते. स्ट्राकविट्झ यांना हवे होते ते नेमके तेच. मुद्रणाला मात्र शेनिअर पूर्ण बँड घेऊन आले, कारण त्यांना रिदम अँड ब्लूज वाजवायचे होते. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये तेच चालत होते. तडजोड अशी झाली की १९६५ च्या ‘लुइझियाना ब्लूज अँड झायडेको’ या तबकडीत निम्मा भाग एकाच्या मनासारखा झाला, निम्मा दुसऱ्याच्या. या भांडणात दोघेही बरोबर होते असे मला वाटते. दहा वर्षांनी बोगालूसात ही दोन टोके एकत्र आली आहेत. तिथे फ्रेंच गाण्यामागेही तोच दणदणीत बँड आहे आणि इंग्रजी ब्लूजमध्येही रबबोर्ड, म्हणजे घासून वाजवायचा पन्हळी पत्रा, थांबत नाही.

आता रबबोर्डबद्दल, कारण माझे खरे म्हणणे तिथेच आहे. क्रिओल घरांतल्या नाचांत पूर्वी कपडे धुण्याची पन्हळी फळी मांडीवर घेऊन किंवा गळ्यात अडकवून वाजवत. १९४६ मध्ये टेक्सासातल्या पोर्ट आर्थर इथे शेनिअर यांनी विली लँड्री या पत्राकाम करणाऱ्या कारागिराला आकृती काढून दाखवली आणि खांद्यावर अडकवायचे, छाती-पोट झाकणारे पन्हळी पत्र्याचे जाकीट करून घेतले. तेव्हापासून वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले आणि तो उभा राहून, नाचत वाजवू लागला. आज ते स्टेनलेस स्टीलचे असते. त्याला फ्रॉत्वार असेही म्हणतात. वाजवायला चमचे, अंगुस्ताने किंवा बाटलीचे ओपनर. क्लिफ्टन यांचे भाऊ क्लीव्हलँड दोन्ही हातांत ओपनर घेत. वर जाताना एक नाद, खाली येताना दुसरा, मध्येच ठोका. ड्रमच्या दोन ठोक्यांमधली जागा हा पत्रा भरतो आणि नाचणाऱ्याचे पाऊल त्या जागेवरच पडते. दिंडीत टाळ थांबले की पावले अडखळतात, तसेच इथे.

मुद्रणात पहिली चूक इथेच होते. पत्र्याचा आवाज टोकदार असतो, क्षणात उसळतो आणि विरतो. त्याची ताकद साधारण दोन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटलेली. ॲकॉर्डियनच्या वरच्या सप्तकाच्या रीड, गाण्यातली ‘स’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजने आणि ड्रमसेटमधली हाय-हॅट, सगळी गर्दी त्याच पट्ट्यात. झगझगीत आवाजाचा कंडेन्सर माइक पत्र्यासमोर वीतभर अंतरावर धरला तर दोन गाण्यांत श्रोत्याचे कान दुखतात. मग मिश्रण करणारा घाबरून पत्र्याची पातळी खाली ओढतो आणि नाच मरतो. उपाय साधा आहे. डायनॅमिक किंवा रिबन माइक घ्यावा, पत्र्यापासून फूट-दीड फूट लांब ठेवावा, आणि छातीच्या मध्यावर न रोखता जरा बाजूने, खालच्या कडेकडे वळवावा. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारे यंत्र, लावायचाच तर त्याची पकड उशिरा सुरू होईल असा ठेवावा. लगेच पकडणारा कॉम्प्रेसर ओरखड्याची धार खातो आणि मागे फक्त सळसळ उरते. अल्बम शेवटी मोठ्या आवाजाचा करण्यासाठी लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीवरचे आवाज अडवणाऱ्या यंत्राने, ठासून भरला तरी हेच होते. कमी दर्जाच्या एमपी-थ्री फाइलमध्येही पहिला बळी पत्र्याचाच जातो. झायडेको ऐकून ‘मागे काहीतरी खरखर आहे’ असे कोणी म्हणाले, तर आधी फाइल तपासावी.

रबबोर्ड नंतर वेगळा मुद्रित करून वर चढवू नये, हे माझे ठाम मत आहे. हा वादक ड्रमच्या स्नेअरकडे आणि ॲकॉर्डियनच्या भात्याकडे एकाच वेळी कान लावून असतो. भाता उलटा फिरताना सुरात जो बारीकसा खंड पडतो, तो झाकण्यासाठी पत्र्याचा फटका तिथे येतो. हेडफोन लावून, तयार मुद्रणावर वाजवताना तो केसभर मागे राहतो, आणि मग ताल बरोबर असूनही गाणे बसल्यासारखे वाटते. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर, वाजवण्याची अडचणही हीच. हॉलमध्ये गाणे तिसऱ्या-चौथ्या फेरीला किंचित पुढे सरकते, सगळे मिळून सरकते. ते सरकणे हा दोष नाही.

ॲकॉर्डियनचे मुद्रण त्याहून चमत्कारिक. आपल्याकडे हे वाद्य हिंदी चित्रपटगीतांमुळे घरोघरी पोचले. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्यांनी त्याला नाव मिळवून दिले. तिथे ते बहुधा ओळींमधला एखादा तुकडा वाजवते, त्यामुळे एक माइक पुरतो. झायडेकोत ते गाणेभर वाजते, सूर आणि ताल दोन्ही देते. उजव्या बाजूच्या जाळीपासून फूट-दीड फुटावर एक माइक लागतो. डावी बाजू भात्याबरोबर हातभर सरकत असते. तिथे उभा माइक ठेवला तर आवाज जवळ-लांब होत राहतो. म्हणून डावीकडे वाद्यालाच चिकटणारा लहान माइक बरा, आणि तोही हलक्या पातळीवर. बँडमध्ये बास गिटार असतेच. ॲकॉर्डियनचा खर्ज आणि बास गिटार एकाच पट्ट्यात भांडू लागले की तळ गढूळ होतो. बरेच झायडेको वादक डावी बाजू बेताने वापरतात ते याचसाठी. वाद्याच्या आत माइक बसवला तर गळती कमी होते, पण पट्ट्यांची खटखट आणि हवा सोडायच्या बटणाचा फुस्कारा गाण्यापेक्षा मोठा होतो.

सगळ्यात कठीण गाठ पुढेच आहे. झायडेकोत गायक आणि ॲकॉर्डियनवादक बहुधा एकच असतो, त्यामुळे त्याच्या तोंडासमोरच्या माइकमध्ये ॲकॉर्डियन भरपूर शिरते. अंतऱ्यातला एक शब्द चुकला म्हणून तेवढाच पुन्हा गाऊन जोडला, तर त्या शब्दापुरता ॲकॉर्डियनचा आवाज कोरडा आणि लांबचा होतो. जोड उघडी पडते. म्हणजे गाणे आणि वादन मिळून एकच घ्यायचे, चुकले तर पूर्ण पुन्हा. कार्डिऑइड माइकची पाठ बहिरी असते, हे लक्षात घेऊन रबबोर्डवाल्याला गायकाच्या माइकच्या पाठीकडे उभे करावे. दोघे समोरासमोर येतात, एकमेकांचे डोळे दिसतात आणि पत्राही गायनात कमी सांडतो. गिटारचे ॲम्प्लिफायर आडोशामागे घालावेत, माणसांना घालू नये. ‘बोगालूसा बूगी’ बहुतांश पहिल्याच दमात झाला असे सांगतात त्याला अस्सलपणाचा साक्षात्कार समजू नये. या वाद्यरचनेत तेच शहाणपणाचे आहे.

सुरांची गोष्ट हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना लगेच कळेल, कारण दोन्ही वाद्ये मोकळ्या रीडची. फक्त पेटीत रीड पितळेची, इथे पोलादाची. टोकाकडे घासली की सूर चढतो, रिव्हेटकडे घासली की उतरतो. भात्याचा जोर वाढला की मोठ्या रीडचा सूर किंचित पडतो. म्हणून गिटार मिळवताना ॲकॉर्डियन हळू वाजवून चालत नाही, गाण्यात जितका जोर असेल तितकाच लावावा. आणि गिटारनेच ॲकॉर्डियनशी जुळवून घ्यायचे असते, कारण त्याचे सूर स्टुडिओत बदलता येत नाहीत. शेनिअर पियानो ॲकॉर्डियन वाजवत, त्यामुळे त्यांना बाराही स्वर हाताशी होते. लुइझियानातला दुसरा प्रकार म्हणजे एकओळी बटणांचा डबा: उजवीकडे दहा बटणे, भाता दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा, पट्टी एकच. असा डबा पुष्कळदा गंधार दहा-पंधरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवून लावतात. एकट्याने गोड वाटते. शेजारी ऑर्गन किंवा इलेक्ट्रिक पियानो ठेवला की त्याचा समविभागी (सप्तकाचे बारा सारखे भाग करून येणारा) गंधार आणि याचा उतरलेला गंधार एकमेकांवर घासतात. अल्बममध्ये की-बोर्ड घालायचा असेल तर डबा कसा लावला आहे हे आधी विचारावे. नसेल जमत, तर की-बोर्डने शुद्ध-कोमल गंधारच टाळावा आणि षड्ज-पंचम धरावेत.

पट्टीची अडचण काय करू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे झायडेको वादक बूझू चेविस यांचे १९५४ चे ‘पेपर इन माय शू’. लेक चार्ल्सचे निर्माते एडी शूलर यांनी त्यांच्या मागे रिदम अँड ब्लूज वाजवणारा बँड दिला. बँडला या डब्याची सवय नव्हती. बँड एका पट्टीत आणि ॲकॉर्डियन दुसऱ्या, अशी ती तबकडी निघाली. तरीही त्या भागात ती जोरात चालली. तांत्रिकदृष्ट्या बिघडलेली तबकडी लोकांनी उचलून धरली, कारण ठोका पक्का होता. मुद्रकाने यातून सूर बिघडू देण्याची परवानगी घेऊ नये. लोक आधी काय ऐकतात, एवढे मात्र जरूर समजून घ्यावे.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे उदाहरणही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. झायडेकोचे देशभर सर्वाधिक गाजलेले गाणे म्हणजे रॉकिन सिडनी यांचे ‘माय टूट टूट’. सिडनी यांनी ते घरच्या स्टुडिओत, सगळी वाद्ये एकट्याने एकावर एक वाजवून केले. विल प्लॅट गावच्या फ्लॉइड सॉयलो यांच्या ‘मेझॉन द सोल’ लेबलने काढले, १९८५ मध्ये एका मोठ्या कंपनीने ते देशभर पोचवले आणि कंट्री संगीताच्या यादीतही ते चढले. थरांवर थर चढवूनही झायडेको जमतो, हे यातून सिद्ध होते. पण तिथे ड्रम, बास, गिटार आणि ॲकॉर्डियन या सगळ्यांमागे एकच माणूस, एकच नाडी होती. सहा वेगवेगळ्या माणसांना सहा वेगवेगळ्या दिवशी बोलावून तो परिणाम साधत नाही.

आता मान्यतेविषयी. झायडेकोच्या तबकडीचा पहिला ग्राहक ज्यूकबॉक्स होता, म्हणून मिनिटाला ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आधी आणि अल्बम नंतर. गाणे स्थानिक रेडिओवर वाजले, मग ऑपेलूससच्या ‘स्लिम्स वाय-की-की’सारख्या किंवा लॉटेलच्या ‘रिचर्ड्स’सारख्या क्लबात, ह्यूस्टनच्या कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये त्यावर जोड्या उठल्या की ते चालले. उठल्या नाहीत तर वर्तमानपत्रातले कौतुक कामाचे नाही. हा निकाल आजही तसाच लागतो. फक्त त्यात घोड्यांवरून निघणाऱ्या ट्रेल राइडच्या मेळ्यांची भर पडली आहे. तिथे पायड्रमचा दुहेरी ठोका लागतो, गाणी लांबतात, नवे बँड हिप-हॉपमधले ढंगही घेतात. जुन्या रसिकांना ते खटकते. मला त्यात शेनिअर यांचीच सवय दिसते. त्यांनीही आपल्या काळात ज्यूकबॉक्समध्ये चालणारे संगीत ॲकॉर्डियनवर घेतले होते.

ग्रॅमीचा क्रम पाहा. झायडेको वादक क्वीन आयडा यांना १९८३ मध्ये, शेनिअर यांना ‘आय’म हिअर’साठी १९८४ मध्ये, तोही ‘पारंपरिक व वांशिक लोकसंगीत’ अशा सरमिसळ गटात. तोवर शेनिअर तीस वर्षे तबकड्या काढत होते आणि त्यांच्या लोकांनी त्यांना केव्हाच राजा म्हटले होते. झायडेको आणि केजन (लुइझियानातल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांच्या) संगीतासाठी स्वतंत्र गट मिळावा म्हणून झायडेको वादक टेरेन्स सिमियन यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. तो गट २००८ च्या सोहळ्यापासून सुरू झाला, पहिला पुरस्कार सिमियन यांनाच मिळाला, आणि चार सोहळ्यांनंतर, २०११ मध्ये गटांची छाटणी झाली तेव्हा तो बंदही झाला. आता हवाईचे संगीत, पोल्का, झायडेको सगळे एकाच ‘प्रादेशिक’ गटात. त्याच २०११ साली ‘बोगालूसा बूगी’ ग्रॅमीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीच्या २०१५ च्या यादीत त्याला घेतले. हे सन्मान मोलाचे आहेत, जुन्या फिती जपण्यासाठी त्यांचा उपयोगही होतो. पण मान्यता त्यांनी दिली असे लिहिणे हे त्या हॉलमधल्या नाचणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

आपल्या वाचकांपैकी कोणाला अल्बम ऐकायचा असेल तर तो सहज मिळतो. आरहूलीचा संग्रह २०१६ पासून स्मिथसोनियन फोकवेजकडे आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, खर्ज कळणार नाही. आधी ‘अलों आ ग्राँ कोतो’ लावावे आणि पहिल्या ऐकण्यात फक्त पत्र्याकडे लक्ष ठेवावे, दुसऱ्यात ॲकॉर्डियनकडे.

एक विनंती. आपल्या लेखात या अल्बमच्या संदर्भात शेनिअर सोडून एकाही वादकाचे नाव नव्हते. बँड एका दमात वाजला म्हणून हा अल्बम झाला, तेव्हा पुढच्या अंकात ही नावे छापावीत: रबबोर्डवर क्लीव्हलँड शेनिअर, टेनर सॅक्सोफोनवर दृष्टिहीन वादक जॉन हार्ट, गिटारवर पॉल ‘लिल बक’ सेनेगल, बास गिटारवर जो ब्रुशे आणि ड्रमवर रॉबर्ट सेंट ज्युलियन.

आपला,
एक वाचक, पुणे